ओ

रात्री अकराला हात धुऊन बसलो की
मी एकेकाला हाक मारतो.
सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस,
कर्वेनगरचा दातांचा दवाखाना,
भवानी पेठेतली लाकडाची वखार,
धनकवडीची शिकवणी आणि तिचा प्रिंटर,
जो फक्त माझ्याशी भांडतो.
एकतीस ठिकाणं.
कपाटावर, टेबलाखाली, चपलांच्या शेजारी,
एका घरी तर देव्हाऱ्यातच,
कारण रेंज तिथूनच गॅलरीपर्यंत पोचते.

पिंग म्हणतात ह्याला.
हाताखालच्या पोराला मी एवढंच शिकवलं:
आपण हाक मारायची, समोरच्यानं ओ द्यायची.
बाकी बोलायचं नाही.
आहेस का?
आहे.
चौदा मिलिसेकंद.

आतले पत्ते सगळ्यांचे सारखेच,
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पुढे तेच ते.
दात, लाकूड आणि इन्कम टॅक्स
एकाच नावानं आपापल्या घरात नांदतात.
पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेले असतात,
मी पाहून न पाहिल्यासारखं करतो.
शहाडे सीएंचा पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव.
ती त्यांच्याशी बोलत नाही आठ वर्षं.
बदला म्हटलं तर म्हणतात, राहू दे हो, लक्षात राहतो.

मार्चात भवानी पेठ ओ देईना.
संध्याकाळी सात चाळीसला गप्प,
सकाळी साडेनऊला काही झालंच नाही अशी हजर.
बॅकअपची वेळ रात्री दोनची.
आधी उंदरांवर संशय घेतला,
मग कंपनीवाल्यांशी भांडलो,
मग वीज म्हटलं, पण गुरुवार आठवड्यातून एकदाच येतो.
राउटर बदलला. अडॅप्टर बदलला.
घरी बसून अठरा पानं लॉग वाचला,
पत्रिका वाचावी तसा.

शेवटी एका संध्याकाळी वखारीतच जाऊन बसलो,
सागवानाच्या भुश्शात, दिवाणजींच्या खुर्चीवर.
सात वाजून अडतीस.
कौतिकबाईंनी फरशी पुसली, बादली उपडी घातली,
आणि चपला घालण्याआधी
वाकून प्लग काढला,
निघताना गॅस बंद करावा तसा.

अहो, अहो!

त्या दचकल्या नाहीत.
"माणूस ना काणूस," म्हणाल्या,
"आन् हे एकलंच लुकलुक करतंय रातभर.
कुणासाठी?"

माझ्याकडे उत्तर होतं.
हिशेबाच्या फायली, दोनचा बॅकअप,
मी घरून इथलं कसं बघतो ते.
मी ते सगळं दिलं.
त्यांनी पदराला हात पुसत ऐकून घेतलं.
"म्हंजी तुम्ही जागे असता व्हय?"

पुण्यात राहतो, पाटी लिहिलीच: प्लग काढू नये.
ती वाचून म्हणाल्या,
तोंडानं सांगितलं ते पुरे होतं की.

त्या रात्री भवानी पेठेनं ओ दिली.
दुसऱ्या रात्रीही.
एप्रिलात मात्र धाप लागल्यासारखी,
चारशे, सहाशे, मग मध्येच काही नाही.
गेलो.
राउटरवर रुमाल.
धुतलेला, निळ्या काठाचा, चारी कोपरे खाली खोचलेले.
हात लावला तर डबा तापानं फणफणलेला.

रुमाल ओढून काढला,
खिशात घालणार होतो.
मग आणखी एक घडी घातली,
वरची जाळी मोकळी सोडली,
आणि पुढच्या दिव्यांपुरता
तो नीट टाकून ठेवला.

अकरा वाजून सहा मिनिटं.
दवाखाना आहे. शिकवणी आहे. शहाडे आहेत.
भवानी पेठ: पंधरा.
हल्ली एक मिलिसेकंद जास्त घेते.
रुमालाचा काही संबंध नाही, मला ठाऊक आहे,
पोरालाही मी तसंच सांगितलं.